ढाल, लांछन आणि नांगर

परवा विलायतेहून पुतण्याचा निरोप आला. तो गेली बरीच वर्षे वॉरिकशायर परगण्यात राहतो. त्याच्या मुलीचे लग्न यंदा बेळगावात व्हायचे आहे. पत्रिकेवर गणपतीच्या खाली घराण्याचे चिन्ह छापावे अशी त्याला हौस आली. "काका, आपले चिन्ह कोणते?" एवढाच प्रश्न आणि सोबत चार-पाच छायाचित्रे. त्याच्या घरापासून जवळच चार्लकोट नावाची लूसी घराण्याची जुनी हवेली आहे. तिच्या खिडक्यांच्या रंगीत काचांत ढाली रंगवलेल्या आहेत आणि लूसींच्या ढालीवर आहेत तीन मासे. शेवटचे चित्र मात्र एका दुकानाचे होते. आडनाव कळवले की हे दुकानदार त्या आडनावाची 'घराणेढाल' तयार करून पाठवतात. आमच्या आडनावाला त्यांनी दोन सिंह, दोन तलवारी आणि वर एक मुकुट बहाल केला होता!

आमच्या थोरल्या बंधूंना ते चित्र फार आवडले. "तलवारी बरोबर आहेत," दादा म्हणाले. "निपाणीकडच्या आपल्या वाड्याच्या दरवाज्यावर दोन तलवारी कोरलेल्या होत्या, असे आजोबा सांगत." वाडा पडून दोन पिढ्या लोटल्या. दरवाजा कोणी नेला ते ठाऊक नाही. आमच्यापैकी कोणीही त्या तलवारी पाहिलेल्या नाहीत. पण दादांच्या शब्दाला घरात मान आहे, आणि मला नाही म्हणण्यासारखे काही सापडले नव्हते. मी पुतण्याला आठवडाभर थांबायला सांगितले आणि या प्रकरणाच्या मागे लागलो. त्या आठवड्यात जे हाती आले ते आपल्याकडच्या जुन्या घरांतील वाचकांच्याही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे मांडतो.

प्रथम इंग्रजांचे पाहू. बाराव्या शतकात युरोपातील सरदार डोक्यापासून पायापर्यंत लोखंडात बंद होऊन लढू लागले. चेहरा दिसेना, तेव्हा ढालीवरील रंग आणि आकृती हीच ओळख झाली. तीच आकृती पुढे कागदावरच्या मोहोरेत उतरली, बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. कोणाची ढाल कोणती याची नोंद ठेवणारे राजाचे भाट-चोपदार असत. त्यांना तिसऱ्या रिचर्ड राजाने १४८४ साली सनद देऊन त्यांची संस्था बांधून दिली. ती लंडनात आजही चालू आहे. १५३० पासून १६८८ पर्यंत हे अधिकारी परगण्या-परगण्यांतून फिरत, जमीनदारांना बोलावून घेत, ढालीचा आधार विचारत आणि वंशावळी लिहून घेत. ज्याला आधार दाखवता येत नसे त्याचे नाव बाजारगावी जाहीर होई की हा गृहस्थ सरदार-कुळीचा नव्हे! आपल्याकडे वतनाच्या चौकशीत इनामदारांची जी तारांबळ उडाली, तसाच तो प्रकार.

या शास्त्रातील दोन गोष्टी मला विशेष वाटल्या. एक ही, की इंग्लंडात ढाल आडनावाची नसते. ज्याला ती मिळाली त्याची आणि त्याच्या वंशजांची ती असते. बाप हयात असता थोरल्या मुलाने त्या ढालीवर एक पट्टी वाढवायची, दुसऱ्याने चंद्रकोर, तिसऱ्याने चांदणी, असा क्रम. तेव्हा आडनावावरून ढाल विकणारे ते दुकान तिकडच्या नियमानेही खोटेच ठरते. दुसरी गोष्ट अशी, की पुष्कळशा ढाली म्हणजे नावावरचा श्लेष असतो. लूसींच्या ढालीवरचा मासा जुन्या इंग्रजीत 'ल्यूस' म्हणून ओळखला जाई, म्हणून लूसींना मासे. त्याच परगण्यातील शेक्सपिअर या हातमोजे करणाऱ्याला १५९६ साली ढाल मिळाली. नावात भाला, म्हणून ढालीवर भाला. त्याचा मुलगा नाटककार म्हणून जगाला माहीत आहे.

हा श्लेष वाचून मला आपले घोरपडे आठवले. निपाणीहून कापशी काही फार लांब नाही. तेथले सेनापती घोरपडे, पलीकडे मुधोळचे, दूर संडूरचे, ही सगळी एका नावाची घराणी. पूर्वजाने घोरपडीच्या कमरेला दोर बांधून अवघड किल्ला सर केला, म्हणून हे नाव पडले अशी परंपरा मुधोळकर सांगतात. इंग्लंडात असते तर त्यांच्या ढालीवर घोरपड बसायला वेळ लागला नसता. आपल्याकडे मात्र ती चित्रात जाण्याआधी नावातच जाऊन बसली. नाव हेच चिन्ह झाले, आणि तेही रक्तापुरते राहिले नाही. इचलकरंजीकर मूळचे जोशी. त्यांचा मूळ पुरुष नारो महादेव संताजी घोरपड्यांच्या आश्रयाने वाढला आणि कृतज्ञतेने धन्याचेच आडनाव त्याने लावले. विलायतेत दुसऱ्याची ढाल घेतली तर खटला होत असे. येथे धन्याचे नाव घेणे ही निष्ठा ठरली.

पण मग आपल्याकडे चित्रे नव्हतीच का? होती, आणि विलायतेच्या आधीपासून होती. एका संध्याकाळी मी मुद्दाम बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्तीकडे गेलो. हे जैन मंदिर १२०४ साली रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने बांधले. आतील छताला टांगलेले दगडी कमळ पाहायला लोक येतात आणि तेवढेच पाहून परत जातात. ज्या रट्टांनी सौंदत्तीहून येऊन येथे राजधानी केली, त्यांच्या शिलालेखांत त्यांची बिरुदे ओळीने येतात. ध्वज सुवर्णगरुडाचा, लांछन सिंदुराचे, पुढे वाजणारे वाद्य त्रिवळी, आणि मूळ गाव लत्तलूर म्हणजे आपले लातूर. शेजारी गोव्याचे कदंब, ज्यांचे हलशी आपल्या खानापूर तालुक्यात आहे, त्यांचे लांछन सिंह आणि ध्वज वानराचा. तो सिंह त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर आजही पाहता येतो. कोल्हापूरचे शिलाहार सुवर्णगरुडध्वज मिरवत आणि आपण तगर नगरीचे, म्हणजे तेरचे, असे सांगत. ध्वज, लांछन, वाद्य, मूळ गाव आणि कुलदेवतेचा वर, अशी ही पाच अंगांची ओळख होती. इंग्रज सरदाराची ढाल तिच्यापुढे थोडी मुकीच वाटते, कारण तिला वाद्य नाही.

या सगळ्यात मला थांबवले ते 'लांछन' या शब्दाने. त्या काळी लांछन म्हणजे राजाची खूण, अभिमानाने दगडावर कोरायची वस्तू. आज आपण म्हणतो, "घराण्याला लांछन लावलेस." चंद्रावरच्या डागालाही लांछन म्हणत, त्या वाटेने शब्द उतरत उतरत कलंकापर्यंत आला असावा. पण अर्थाच्या दोन टोकांत एक धागा आहे. ज्याच्या कपाळी खूण आहे त्यालाच डाग लागतो. बिनखुणेच्या माणसाला कोण विचारतो?

पुतण्याला कळवण्याजोगी आणखी एक गोष्ट. किल्ल्यातील या रट्टकालीन देवळाशी संबंधित दोन शिलालेख लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहेत. तेव्हा घराण्यांच्या खुणा पाहत हिंडणाऱ्याने लूसींच्या खिडक्यांबरोबर लंडनला जाऊन आपल्या गावचे दगडही पाहावेत. आम्हाला मात्र त्यासाठी समुद्र ओलांडावा लागेल.

आता मराठ्यांकडे येऊ. येथे चित्र मागे पडले आणि अक्षर पुढे आले. शहाजीराजांची आणि जिजाबाईंची मोहोर फारसीत होती. शिवरायांनी अष्टकोनी मुद्रा संस्कृतात घडवली. तिच्यात सिंह नाही, गरुड नाही, तलवारही नाही. प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी ही मुद्रा लोकांच्या कल्याणासाठी आहे, असा तिचा आशय. पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि शेवटी लहान मोर्तब, म्हणजे मजकुराची मर्यादा येथे संपली, याखाली कोणी ओळ घुसवू नये. पुढे सरदारांचे शिक्के आले तेही अक्षरांचेच. त्यांचा साचा पाहण्यासारखा आहे. आधी देवाचे किंवा छत्रपतींचे नाव, मग 'चरणी तत्पर', मग स्वतःचे नाव, शेवटी 'निरंतर'. होळकरांच्या शिक्क्यात म्हाळसाकांत पहिला आणि मल्हारराव नंतर. इंग्रजाची ढाल विचारते, 'मी कोण?' मराठ्याचा शिक्का आधी सांगतो, 'मी कोणाच्या पायाशी.'

राजेरजवाड्यांच्या ढाली आपल्याकडे आल्या त्या नंतर, आणि बाहेरून. १ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटनने दिल्लीस दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केले. त्या वेळी सुमारे नव्वद संस्थानिकांना रेशमी निशाणे देण्यात आली. त्यांवरील ढाली बंगालच्या मुलकी नोकरीतील रॉबर्ट टेलर नावाच्या गृहस्थाने विलायती धर्तीवर आखल्या होत्या. कोणाचा मूळ पुरुष कोणता देव, कोणाच्या मुलखात कोणता डोंगर, याची चौकशी करून त्याने ढालींवर आकृत्या बसवल्या. निशाणांचे दांडे इतके जड होते की ते सावरताना धट्टेकट्टे शिपाईही दमले. शतकानुशतके स्वतःच्या निशाणाखाली लढलेल्या घराण्यांना निशाण बाहेरून बहाल व्हावे, यातला अर्थ त्या वेळी कित्येकांना कळला असेलच. तरीही त्या विलायती चौकटीत कोठे कोठे आपला आवाज उमटला. बडोद्याच्या गायकवाडांनी बोधवाक्य घेतले, 'जिन घर, जिन तख्त.' घोड्याचे खोगीर हेच घर आणि तेच सिंहासन. ती ढाल मोडीत निघाली तरी ते वाक्य राहील.

ही राजांची गोष्ट झाली. आम्ही काही संस्थानिक नव्हे. म्हणून मी माळ्यावरची पेटी काढली. तिच्यात वडिलांनी जपलेला मोडी कागदांचा एक रुमाल होता. कोल्हापूरच्या एका मोडी जाणणाऱ्या स्नेह्यांकडे तो घेऊन गेलो. त्यात एका शिवाराच्या तंट्याचा महजर निघाला. निवाडा गोतसभेने केलेला, आणि खाली साऱ्या गावाच्या सह्या. सह्या कसल्या, चित्रेच ती! वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे कागद आहेत त्यांना हे नवे नाही. कुलकर्णी आपल्या हाताने लिही. बाकीच्यांची 'निशाणी' असे. शेटे-महाजनाचा तराजू, सुताराचे किंकरे, न्हाव्याचा आरसा, शिपाईगड्याची कट्यार, आणि बाईमाणसाची बांगडी. ज्याचे जे हत्यार ते त्याचे लांछन. विलायतेत ढाल मिळे ती मूठभर जमीनदारांना. येथे बलुतेदारालाही खूण होती आणि तिच्यावाचून निवाडा पुरा होत नसे. गावात सगळे समान होते असे मी म्हणत नाही. कोण कोठे बसे आणि कोणाची निशाणी कोणाखाली येई हे आपण जाणतो. पण कागदावर प्रत्येकाला एक आकृती होती हे खरे.

स्नेह्यांनी बोट ठेवले ते आमच्या नावावर. पूर्वजाचे नाव, पुढे 'मोकदम' म्हणजे पाटील, आणि पुढे 'निशाणी नांगर'. शाईने रेखलेला लहानसा नांगर, दांडीसकट. तलवार नव्हती.

घरी येताना निपाणीत उतरलो. येथील देसाई सिद्धोजीराव नाईक निंबाळकर, सरलष्कर हा किताब मिरवणारे, एके काळी कोल्हापूरकरांना आव्हान देणारे. १८३९ साली ते औरस वारसाविना गेले आणि इंग्रजांनी त्यांचा मुलूख खालसा केला. किताब, निशाण, नगारा हे सारे एका मृत्यूने थांबले. तलवारीच्या खुणेला वारस लागतो आणि तो सरकारने मान्य करावा लागतो. नांगराचे तसे नाही. देसाई गेले तरी निपाणीच्या काळ्या जमिनीत तंबाखू पिकतच राहिला.

मग सरदार घराण्यांच्या खुणा साऱ्याच बुडाल्या काय? याचे उत्तर आपल्याच चिकोडी तालुक्यात, कृष्णाकाठच्या अंकलीत मिळते. तेथील शितोळे घराणे म्हणजे ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे सरदार आणि सोयरे. महादजी शिंद्यांची कन्या बाळाबाई या घरात दिलेली. शिंद्यांच्याच पदरी असलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी सुमारे १८३२ साली ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीला आजचे रूप दिले, तेव्हा घोडे, तंबू यांचा भार अंकलीकर शितोळ्यांनी उचलला. आजही दर वर्षी वारीच्या आधी अंकलीहून दोन अश्व निघतात आणि मिरज, सातारा, पुणे करीत पायी आळंदीला पोचतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कोणी बसत नाही, तो माऊलींचा. रिंगणात तो धावला की लोक त्याच्या टापांखालची माती कपाळी लावतात. शितोळ्यांची ढाल कोणत्या पुस्तकात आहे की नाही हे कोणी विचारत नाही. त्यांचा मान म्हणजे एक काम आहे. ते त्यांनी सोडले नाही, म्हणून मानही राहिला.

या अश्वांच्या वाटेवर १९५६ साली राज्याची सीमा आली. सीमेच्या अलीकडे सरकारी पाट्यांवर गंडभेरुंड आहे, दोन तोंडांचा पक्षी. विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवरून आणि म्हैसूरच्या राजघराण्याकडून तो कर्नाटकाकडे आला. पलीकडे महाराष्ट्राच्या राजमुद्रेत समई आहे आणि भोवती शिवमुद्रेवरून घडवलेली अक्षरे. एकाने चित्र जपले, दुसऱ्याने वचन. आम्हा सीमेवरच्या माणसांना दोन्ही रोज डोळ्यांपुढे असतात, आणि त्यावरून आमची मने किती वेळा दुखावली हे या पानाच्या वाचकांस सांगायला नको. पण रट्टांनी कानडी शिलालेखात लातूरचे नाव अभिमानाने कोरले, हे त्या गडबडीत आठवले तर बरे वाटते.

असो. घरी येऊन दादांपुढे महजराची प्रत ठेवली. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले. "पत्रिकेवर नांगर?" ते म्हणाले. "लोक हसतील." मी म्हणालो, "तलवार आपण पाहिलेली नाही. हा नांगर आपल्या माणसाने काढलेला आहे आणि त्याखाली त्याचे नाव आहे." दादा काही बोलले नाहीत. वहिनी आतून म्हणाल्या, "मांडवात देवक बसेल ना? पंचपालवी आपल्या कुळाची. मग चिन्ह चिन्ह काय करता?" आणि ते खरेच होते. पाच झाडांची ती पालवी मुहूर्तापूर्वी पूजेला लागते. समान देवकाच्या घरात सोयरीक होत नाही, एवढा तिचा अधिकार. कोणत्या भाट-चोपदाराने ती आम्हाला दिली नाही आणि कोणी काढूनही घेऊ शकत नाही. विलायतेत जन्मलेल्या त्या मुलीलाही ती येथे बोहल्यावर चढण्याआधी भेटेलच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी मला हाक मारली. वहीच्या पानावर त्यांनी पेन्सिलीने नांगर काढला होता. महजरातल्यासारखाच, फक्त फाळाखाली एक आडवी रेघ जास्त होती. "ही माती," ते म्हणाले. "नुसता अधांतरी नांगर नको. पाठव त्याला."

मी ते पान पुतण्याला पाठवले. बरोबर लिहिले की दुकानदाराला पैसे देऊ नकोस, आणि लग्नाला येताना सवड काढून चार दिवस जास्त राहा. पेटीतले आणखी बरेच कागद वाचायचे राहिले आहेत. आपल्यापैकी कित्येकांच्या माळ्यांवर असे रुमाल असतील. मोडी वाचणारे थोडे उरले आहेत, आणि वाळवी कोणासाठी थांबत नाही.